अण्णा, प्रुनेलाबाई आणि आपली लाज

वीस वर्षं पेपरात काम करतोय. 'हरवले आहेत'च्या कितीतरी जाहिराती माझ्या हाताखालून गेल्या. पण माझे स्वतःचे अण्णा रात्री नऊला घरातून निघून गेले, तेव्हा चार तास मी कुठल्याच ग्रुपवर फोटो टाकला नाही. का? लोक काय म्हणतील!

आज हे लिहितोय ते एका इंग्रज विनोदी अभिनेत्रीमुळे. प्रुनेला स्केल्स. २७ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या ९३ व्या वर्षी लंडनमध्ये त्या गेल्या.

बीबीसीची 'फॉल्टी टॉवर्स' मालिका काहींनी यूट्यूबवर पाहिली असेल. १९७५ आणि १९७९ मिळून भाग फक्त १२. हॉटेलचा चक्रम मालक बेसिल म्हणजे जॉन क्लीज आणि त्याची खमकी बायको सिबिल म्हणजे प्रुनेलाबाई. त्यांनी नुसतं 'बेसिल!' म्हटलं की नवरा जागच्या जागी गार. पुढे ॲलन बेनेटच्या नाटकात त्यांनी राणी एलिझाबेथही साकारली.

संवाद पाठ करण्यात हयात गेलेल्या या बाईंना विसरण्याचा आजार झाला. पण त्यांनी आणि त्यांचे पती, नट टिमोथी वेस्ट यांनी तो लपवला नाही. २०१४ पासून दोघं चॅनल फोरवर कालव्यांमधून बोटीने फिरताना दिसू लागले. बाई विसरायच्या, नवरा सांभाळून घ्यायचा. आख्खा देश हे टीव्हीवर बघत होता.

आणि आम्ही? अण्णा बाजार समितीत मापाडी होते. तोंडी हिशेब पक्का. तोच माणूस नातवाचं नाव विसरायला लागला, तर आम्ही पाहुण्यांना सांगायचो, 'त्यांना जरा कमी ऐकू येतं.'

त्या रात्री एक वाजता शेवटी फोटो टाकला. अर्ध्या तासात एका ट्रक ड्रायव्हरचा फोन. अण्णा मार्केट यार्डाच्या गेटवर थंडीत काकडत बसले होते. लिलाव कधी सुरू होणार, विचारत होते. रखवालदाराने दोनदा हाकललं होतं. त्याला तरी काय बोलणार? आम्ही कुणाला काही सांगितलंच कुठे होतं!

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. ते चार तास अजून डोक्यातून जात नाहीत.

आपल्या गावात अशी किती घरं आहेत, मोजलंय कुणी? 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा. शेजारी, रिक्षावाले, किराणा दुकानदार, सगळ्यांना सांगून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करा.

जाण्याच्या आदल्या दिवशी प्रुनेलाबाई 'फॉल्टी टॉवर्स'च बघत होत्या, असं त्यांच्या मुलांनी सांगितलं. अण्णांना मी परत एकदा लिलाव दाखवायला न्यायला हवं होतं. चारचौघांत हसं होईल म्हणून नेलं नाही.