डावं पेडल

तिन्ही पेडलांमध्ये सगळ्यात जास्त राबतं ते डावीकडचं. गाडी सुरू करताना, गिअर टाकताना, काढताना, सिग्नलला थांबताना, पुन्हा हलताना पाय जातो तो क्लचवर. संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रोडवरून घरी परतणाऱ्या माणसाचा डावा पाय जेवढं काम करतो, तेवढं उजवा करत नाही. म्हणून जुनी गाडी बघायला गेलो की मीटरच्या आकड्याआधी मी वाकून क्लचच्या पेडलचं रबर बघतो. मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. रबरावरच्या रेघा पुसल्या असतील, एक कड गुळगुळीत झाली असेल, तर गाडीने भरपूर गर्दी सोसली आहे. आणि जुन्या गाडीत नेमकं तेवढंच रबर कोरं करकरीत दिसलं, तर मालकाला कारण विचारावं.

या पेडलचा स्वभाव उलटा आहे. बाकीची दोन दाबली की काहीतरी घडू लागतं. हे दाबलं की जोडलेलं सुटतं. आत फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरत असतं. त्याच्या अंगाला क्लच प्लेट भिडलेली असते आणि तिला मागून प्रेशर प्लेट काही शे किलोंच्या जोराने दाबून धरते. हा जोर डायफ्रामच्या पोलादी स्प्रिंगचा. पेडल दाबलं की फोर्क हलतो, रिलीज बेअरिंग सरकून स्प्रिंगच्या मधल्या बोटांवर रेटा देतं, प्रेशर प्लेट मागे हटते आणि इंजिन एकटं फिरू लागतं. म्हणजे क्लचची पकड पुरी असते ती पाय बाजूला असतानाच. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय वाईट ती याचसाठी. आपल्याला वाटतं, नुसता पाय ठेवलाय. क्लचच्या बाजूने पाहिलं तर आपण त्याची पकड थोडी सैल करून ठेवलेली असते आणि बेअरिंगला उगीच कामाला लावलेलं असतं.

केबलवर चालणारी पेडलं फार बोलकी. 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती 800 पुढे 2014 च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली, आणि कितीतरी मराठी घरांतली माणसं क्लच सोडायला तिच्यातच शिकली. तिच्यात पेडलपासून फोर्कपर्यंत एक केबल, बस. अशा पेडलचा सुरुवातीचा थोडा प्रवास रिकामा असतो, बोटाने दाबलं तरी ते तेवढं खाली जातं. गॅरेजमध्ये त्याला प्ले म्हणतात. छोट्या गाडीत तो साधारण दीड-दोन सेंटीमीटर असतो. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पेडलची प्रकृती कळते ती इथे.

केबल ताणली गेली की प्ले वाढतो. मग पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. तक्रार रिव्हर्सपासून सुरू होते, कारण बऱ्याच गाड्यांत या एका गिअरला वेग जुळवून घेणारा सिंक्रोनायझर नसतो. पुढचे गिअर काही दिवस सांभाळून घेतात. प्लेट झिजली की बरोबर उलटं घडतं. डायफ्रामची बोटं बेअरिंगच्या दिशेने सरकतात, प्ले कमी होतो आणि पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलते. पहिल्या दुखण्यात केबल आवळायची, दुसऱ्यात सैल करायची. औषधं एकमेकांच्या विरुद्ध, आणि तरीही “क्लच बघा जरा” एवढ्यावर पाना घेऊन केबल आवळून देणारे हात कमी नाहीत. झिजलेल्या प्लेटच्या गाडीत असं केलं की उरलासुरला प्ले जातो, बेअरिंग सतत रेटा देत राहतं, पकड ढिली पडते आणि अजून काही महिने चालू शकली असती ती प्लेट जळून जाते. मला याचा मनापासून राग येतो. पेडलने सगळं स्वच्छ सांगितलेलं असतं.

प्लेट घसरतेय का, हे पाहायची परीक्षा सोपी आहे. सपाट मोकळी जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक घट्ट ओढलेला. चौथा गिअर टाकायचा, किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा आणि क्लच हळू सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं, तर प्लेट धरते आहे. फिरतच राहिलं, तर ती घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण घसरणारी प्लेट प्रत्येक खेपेला आणखी तापते. रस्त्यावर हेच चढाला कळतं: इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र तोच राहतो.

पेडल जड होत जातं ते इतकं हळू की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. एखाद्या रविवारी भाऊ गाडी नेतो आणि परत आल्यावर विचारतो, “दादा, क्लच एवढा कडक कसा चालवतोस?” केबलच्या गाडीत पहिला संशय केबलवर घ्यावा. कोकणच्या दमट हवेत तिच्या आवरणात गंज धरतो. टोकाशी पोलादी तारा एकेक करून तुटतात, जुन्या दाव्याचे पीळ सुटावेत तशा. पेडल जड आणि खरखरीत लागू लागलं, आत काही अडकून सुटल्यासारखं वाटलं, की केबल तुटायची वाट पाहू नये. ती स्वस्त आहे आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते. केबल नवी घालूनही जडपणा राहिला, तर मग दुखणं आत आहे: फोर्कचा कोरडा पडलेला टेकू किंवा थकलेली प्रेशर प्लेट.

हायड्रॉलिक पेडल वेगळ्या घराण्याचं. इथे केबलच्या जागी तेल असतं: पायाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप. झीज ते स्वतःच भरून काढतं, त्यामुळे प्लेट म्हातारी झाली तरी पेडलची उंची फारशी बदलत नाही. वजन बदलतं. उंची लपवते ते वजन सांगतं. पेडल पोचट लागलं आणि दोन-तीनदा भराभर मारल्यावर टणक झालं, तर आत हवा आहे. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून उभे आहात, पाय हलवलेला नाही आणि गाडी आपोआप पुढे सरकू लागली, तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. बाहेर थेंबही सांडत नाही, म्हणून हे दुखणं बरेच दिवस सापडत नाही. पेडल जाऊन तळाला बसलं आणि वर आलंच नाही, तर आधी पायाशी मॅट उचलून बघावी, मग गाडीखाली स्लेव्हच्या रबरी टोपीला बोट लावावं. ओलं असेल तर शोध संपला.

यात तेल घालायचं ते ब्रेक फ्लुइड, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4. आडगावात मिळालं नाही म्हणून इंजिन ऑइल ओतलं, तर आतली रबरी सीलं फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते, म्हणजे ती चूक ब्रेकपर्यंत जाते. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत, एक खाली. “दाब… धरून ठेव.” निपल उघडतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जातात. निपल बंद. “सोड.” निपल बंद व्हायच्या आत वरच्याने पाय सोडला की हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालतं, आणि मधूनमधून टाकीतली पातळी पाहावी लागते. चांगला मेकॅनिक इथे घाई करत नाही.

आवाजही ओळखता येतात. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पाय वर असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ते मोठं काम.

वास मात्र घाटात येतो. गणपती आटोपून कोकणातून परतणाऱ्या गाड्या ताम्हिणी चढतात, रांग लागते, आणि चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून लोक हाफ क्लचवर तोलून धरतात. त्या पूर्ण वेळात प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते. हँडब्रेक ओढायचा, गिअर काढायचा, पाय बाजूला घ्यायचा. पुढची गाडी चार हात सरकू द्यायची आणि मग एकदाच निघायचं. जळका वास आलाच, तर बाजूला थांबून क्लच निवू द्यावा.

हे पेडल आता कमी होत चाललं आहे. 2014 पासून भारतातल्या छोट्या गाड्यांत क्लच आणि गिअर स्वतःच सांभाळणारी एएमटी आली, आणि 2020 मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूत आयएमटी: गिअर हातानेच बदलायचा, पण डावं पेडल नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल मोठं आहे, ते नाकारू नये. मला मात्र त्या गाडीत बसलं की डाव्या पायाशी कोणी बोलणारं नाही असं वाटतं.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलून घ्यावा. मजुरी खरी लागते ती उतरवण्या-चढवण्याची, आणि वाचवलेलं बेअरिंग पुढे तेवढ्याच मजुरीला पुन्हा बोलावतं. फ्लायव्हीलचा चेहरा आपण स्वतः बघावा. निळे डाग किंवा खोल चरे असतील तर तोही घासून घ्यावा लागतो, नाहीतर नव्या सेटवरही गाडी निघताना थरथरते. जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नये, पूर्वीच्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावी. गाडी हातात आल्यावर पेडल इतकं हलकं लागतं आणि पकड इतक्या खाली येते, की पहिल्या दोन-चार सिग्नलला इंजिन बंद पडतं. मागच्याचे हॉर्न ऐकून घ्यावेत. प्लेट बसायला काही शे किलोमीटर लागतात. तेवढ्यात गाडी भरून घाटात नेऊ नये.