हिरवं टाळत

किंडर स्काउटवर धावायचं तर पायांआधी डोळे तयार करावे लागतात. हे पठार इंग्लंडमध्ये, मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधे. उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीही नाही. पण चढून वर आलं की शिखर म्हणून काही सापडतच नाही. नजर पोचेल तिथवर तपकिरी, ओला, उघडा माळ. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं, वीतभर मातीखाली कातळ लागेल. इथे खाली पीट असतं, कुठे हातभर, कुठे तीन-चार मीटर. पाण्यात बुडून हवेला मुकलेलं शेवाळ आणि गवत कुजायचं राहून गेलं, त्यावर पुढच्या वर्षीचं साचलं, असं वर्षाला साधारण एक मिलिमीटर. मीटरभर थराला हजारएक वर्षं लागतात. तळाशी कधीकाळच्या बर्चची खोडं अजून निघतात. आणि या सगळ्या ऐवजाचं वजन केलं तर त्यात नव्वद टक्के नुसतं पाणी.

मी इथे आले तेव्हा डांबरावर धावणारी होते. घड्याळात किलोमीटरमागे किती मिनिटं पडली ते बघायचं आणि त्यावरून दिवस बरा की वाईट ठरवायचं. क्लबातल्या सत्तरीच्या एका बाईंनी पहिल्या हिवाळ्यात मला पळवलंच नाही. माळावर चालवत नुसते रंग ओळखायला लावले. हेदरचा तांबूस-जांभळा पट्टा दिसला की बिनधास्त जा. त्याच्या मुळ्यांचं जाळं वजन पेलतं, फक्त फांद्यांत पाय अडकू देऊ नकोस. लव्हाळ्याचा गर्द पट्टा म्हणजे वाहतं पाणी. घोट्यापर्यंत भिजशील, पण खाली तळ आहे. कापूसगवताच्या दोन जाती. काडीला एकच पांढरा गोंडा असेल तर ते गवत गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वाढतं आणि गठ्ठ्याच्या डोक्यावर पाऊल टेकता येतं. एका काडीवर तीन-चार गोंडे लोंबत असले तर गुडघ्यापर्यंतची तयारी ठेव. गोंडे उन्हाळ्यापुरते; पुढे त्याच गवताची पाती तांबडी होतात, तेव्हा तांबडं दिसलं की सावध. आणि जिथे पोपटी, लुसलुशीत, बसकण मारावी असं हिरवं दिसेल, तिथे पाय ठेवूच नकोस.

ते हिरवं म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवतं. खाली किती खोल आहे याचा पत्ता वरून लागत नाही. पीट बनतं ते मुख्यतः याच्यापासून, आणि पठाराचं पाणी पठारावर ठेवतं तेही हेच.

धावताना हे सगळं पाच-सहा पावलं आधी वाचावं लागतं. नजर पायाजवळ आली की संपलं. तिथला निर्णय केव्हाच झालेला असतो. पावलं आखूड आणि भराभर. पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, टाचेवर भार द्यायचा नाही, आणि जमीन खचतेय असं जाणवलं तर थांबायचं नाही. थांबलं की रुतलं. रस्त्यावर कमावलेली लांब, ऐटदार ढांग इथे निव्वळ ओझं आहे. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, कारण हा चिखल बूट ठेवून घेतो. वॉटरप्रूफ बूट घालून येणाऱ्यांचं मला हसू येतं. पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच राहत नाही. इथले जुने लोक बोल्टनच्या वॉल्श कंपनीचे पातळ बूट घालतात. खाली रबराचे टोकदार खुंट, वर पटकन निथळणारं कापड. आत लोकरीचे मोजे. पाय ओलाच राहणार, तो गरम राहिला की झालं.

बाबा एकदा पुण्याहून आले होते. ते मुळशीकडचे, भातशेतीतले. त्यांना घेऊन शेजारच्या ब्लेकलो पठाराच्या कडेला गेले. माझा एक पाय गुडघ्याखाली अडकला आणि मी तो सरळ वर ओढू लागले.

"अगं, उपटतेस काय? टाच आधी सोडव. हवा शिरू दे खाली. बोटं मागनं येतात आपोआप."

"तुम्हाला बरं माहीत!"

"चिखलणीला आम्ही काय बूट घालून उतरायचो?"

पाय सुटला. मग बाबांनी हातातली काठी तिथेच खुपसली. खाचरात नांगराच्या खाली घट्ट थर असतो, काठी टणकन लागते. इथे ती मुठीपर्यंत आत गेली. काठी काढून घेत ते म्हणाले, "याला बूडच नाही की." आणि पुढे एक पाऊलही आले नाहीत. खडकावर बसून त्यांनी थर्मासमधला चहा संपवला. बुडाशिवायच्या जमिनीवर माणूस हौसेने जातो हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पाय कसा टाकायचा हे शिकून झालं की मग दिशेचा प्रश्न येतो. किंडरच्या माथ्यावर पाण्याने पीट कापून काढलेल्या घळ्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ग्रफ म्हणतात. डोकं बुडेल इतक्या खोल, वेड्यावाकड्या, एकीतून दुसरी फुटलेल्या. एकीत उतरलं की काळ्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी, बाकी काही नाही. धुकं असलं तर तीही नाही. माथा इतका सपाट की नकाशावरच्या समोच्च रेषा काही सांगत नाहीत. प्रत्येक घळीतून वर आलं की होकायंत्र पुन्हा लावायचं, नाहीतर घळ ज्या बाजूला वळली त्या बाजूला आपणही नकळत वळलेलो असतो. धावणारे लोक इथे गोल फिरून स्वतःच्याच पाऊलखुणांवर येतात, आणि त्यात नवखेच असतात असं नाही. यावर एक उतारा आहे: वाळूवरून वाहणारं रुंद पाणी सापडलं तर ती किंडर नदी. तिच्याबरोबर खाली गेलं की ती पठाराच्या पश्चिम काठावर नेऊन सोडते, जिथे ती किंडर डाउनफॉल नावाने तीसेक मीटर कोसळते. पश्चिमेचा वारा जोरात असला तर ते पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. आपल्याकडे पावसाळ्यात नाणेघाटात किंवा सांधण दरीजवळ ज्यांनी हे पाहिलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही.

फेल-रनिंग या इथल्या खेळात मार्ग आखून दिलेला नसतो. ठरावीक ठिकाणी हजेरी लावायची, मधलं तुमचं तुम्ही बघा. जानेवारीत मार्सडेनहून एडेलपर्यंत ट्रिगर नावाची शर्यत होते. ब्लॅक हिल, ब्लेकलो आणि किंडर, पीटची तिन्ही पठारं पार करायची, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. त्यात जिंकतो तो नेहमीच सगळ्यात वेगवान असतो असं नाही. ज्याची 'लाइन' चांगली, म्हणजे कुठून आत शिरायचं आणि कोणत्या घळीतून बाहेर पडायचं हे ज्याला माहीत, तो पंधरा मिनिटं कमावतो. या लाइन लोक जपून ठेवतात. आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत, पबमध्ये पैसे सैल हाताने खर्च करतात, पण ब्लेकलोवरची त्यांची लाइन विचारली की बहिरे होतात.

हवं तिथून जाण्याची ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. ही पठारं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली खासगी जमीन होती. २४ एप्रिल १९३२ ला हेफील्डहून काहीशे कामगार तरुण-तरुणी किंडरवर चढले, वर राखणदारांशी झटापट झाली. विशीतला बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या. त्याच्यासह पाच जण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये इथे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि अशा मोकळ्या माळांवर पायी कुठेही फिरण्याचा हक्क कायद्याने यायला २००० साल उजाडावं लागलं. लाइन या गोष्टीला हा सगळा इतिहास चिकटलेला आहे, म्हणून पुढचं म्हणताना मला थोडं अवघड जातं.

पीटवर सगळ्यात उत्तम धावता येतं ते पीट मरायला टेकलेलं असताना. हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर बरेच दिवस मी ते कुणाला बोलले नाही.

जुन्या धावपटूंना ज्या घळ्या आवडतात, त्यांचा तळ बघा. पाण्याने सगळं पीट वाहून नेलेलं, खाली खडक किंवा घट्ट वाळू. तो तयार धावमार्गच असतो. उघडं पडलेलं काळं पीट कोरड्या उन्हाळ्यात पायाखाली असं उसळी देतं की ढोपरांचं वय कमी होतं. आणि हे सगळं उघडं पडलं कशामुळे? मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांच्या कोळशाच्या धुरामुळे. दीडशे-दोनशे वर्षं तो धूर या पठारांवर उतरत राहिला. त्यातल्या गंधकाने पावसाला आम्ल केलं आणि स्फॅग्नम मेलं. वर मेंढ्यांची चराई, वर वणवे. पाणी धरणारं कातडंच गेल्यावर पाऊस थेट पीटला लागला आणि ते वाहू लागलं. ब्लॅक हिल हे नाव अगदी अलीकडेपर्यंत शब्दशः खरं होतं. माथ्यावर गवताचं पातं नाही, काळा रबडा. डोंगरवाटांची पुस्तकं लिहिणारे वेनराइट तिथे रुतले होते आणि त्यांना ओढून काढावं लागलं होतं.

२००३ पासून 'मूर्स फॉर द फ्यूचर' ही संस्था हे दुरुस्त करते आहे. हेलिकॉप्टरने चुना, गवताचं बी, हेदरच्या कापलेल्या फांद्या टाकायच्या, म्हणजे पीटवर आधी कसलंतरी पांघरूण येतं. मग घळ्यांत दगडांचे, लाकडाचे छोटे बांध घालायचे, पाणी अडवायचं, आणि स्फॅग्नमची रोपं हाताने एकेक करून लावायची. आता घळ्या तुंबल्या आहेत. बांधामागे काळं पाणी, पाण्याच्या कडेने पोपटी शेवाळ. वादळी पाऊस पडला तर पाणी पूर्वीपेक्षा सावकाश खाली गावांकडे उतरतं. ब्लॅक हिल हिरवी झाली आहे.

आणि धावायला अशक्य होत चालली आहे. त्या पैसेवाल्या बहिऱ्या गृहस्थांची लाइन आता बांधांच्या रांगेखाली गेली. ते चिडतात, आणि त्यांचा राग खोटा नाही. चाळीस वर्षांत कमावलेलं, कुठल्याही नकाशात नसलेलं ज्ञान तीन हंगामांत कालबाह्य झालं. पण ज्या ज्ञानाला एका आजारी जमिनीची गरज होती ते जपण्यासाठी जमीन आजारी ठेवा, असं मला म्हणता येत नाही. ते स्वतः तसं म्हणत नाहीत. फक्त बिअरचा घोट जरा मोठा घेतात.

पेनाइन वे ही ४३१ किलोमीटरची पायवाट १९६५ मध्ये खुली झाली, ती याच तीन पठारांवरून जाते. इतक्या लोकांनी तुडवली की लोक चिखल टाळायला बाजूने, मग त्याच्याही बाजूने चालू लागले, आणि वाट रस्त्याहून रुंद काळी जखम झाली. उपाय म्हणून तिच्यावर दगडी लाद्या टाकल्या. लाद्या आल्या पाडलेल्या गिरण्यांच्या फरशांमधून. काहींना अजून यंत्रं ठोकून बसवण्याची भोकं आहेत. ज्या गिरण्यांच्या धुराने शेवाळ मारलं त्यांच्याच फरशा आता शेवाळाला माणसांपासून वाचवतात. १८६१ ते १८६५, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून वऱ्हाड-खानदेशचा कापूस जायचा. माझ्या पायाखालची लादी त्या गिरण्यांपैकी एखाद्या गिरणीतली असू शकते. तसं सिद्ध करता येणार नाही, पण लादीवर धावणं इतकं कंटाळवाणं असतं की डोक्याला काहीतरी उद्योग लागतो.

कंटाळवाणं आणि वर घसरडं. ओल्या लादीवर बुटांचे खुंट काही कामाचे नाहीत. २०१९ च्या जानेवारीत जॅस्मिन पॅरिस याच वाटेने एडेलहून निघाली आणि संपूर्ण पेनाइन वे ८३ तास १२ मिनिटांत संपवून स्पाइन रेस पुरुषांसह सगळ्यांच्या पुढे जिंकली. वाटेतल्या विसाव्यांवर ती तान्ह्या मुलीसाठी दूध काढून ठेवत होती. बाबांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हिवाळ्यात, चिखलात आणि रात्री कशाला, हाच.

मला लाद्या आवडत नाहीत, तरी एप्रिल ते जुलै मी त्यांच्यावरच असते. त्या काळात जमिनीवर घरटी असतात, कर्ल्यूची, गोल्डन प्लोव्हरची, आणि अंडं मातीहून वेगळं दिसेपर्यंत पाऊल पडून गेलेलं असतं. १९३२ ला ज्यासाठी लोक तुरुंगात गेले तो हक्क मी वर्षातले चार महिने वापरत नाही. उरलेल्या महिन्यांत लाद्या सोडते, पण हेदरवरून, मेंढ्यांच्या वाटांवरून, लव्हाळ्यातून. बांधाच्या जवळ जात नाही. नवीन मुली क्लबात येतात तेव्हा त्यांना तेच रंग शिकवते. फक्त हिरव्याबद्दलचं कारण आता दोन भागांत सांगावं लागतं, आणि दुसऱ्या भागापर्यंत त्यांचं लक्ष टिकत नाही. पहिल्या भागाने काम होतं: बुडशील. तेवढं पुरतं.

अपवाद एकच, कडक थंडी. सलग चार-पाच रात्री पारा शून्याच्या बराच खाली राहिला की पीट वरून दगडासारखं गोठतं. मग तीन-चार गोंडेवाल्या गवतावरून, घळीतल्या डबक्यांवरून, कुठूनही जा, पाऊल उमटत नाही. जमिनीलाही काही होत नाही आणि आपल्यालाही. असे दिवस हिवाळ्यात मोजकेच येतात, काही हिवाळ्यांत येतच नाहीत. डिसेंबर लागला की मी रोज संध्याकाळी हवामान खात्याचा रात्रीच्या तापमानाचा अंदाज बघते, आणि चौथ्या रात्रीच्या आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं की ऑफिसला रजेचा मेल टाकते.