शेततळ्यावर आप्पांचा जुना गळ

आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. आज गळाच्या काठीबद्दल लिहितो. विषय शेवटी शेततळ्याचाच आहे, त्यामुळं वेळ वाया जाणार नाही.

आमचं शेततळं 30 बाय 30 मीटरचं, 500 मायक्रॉनचा कागद, उतार 1 ला 1.5. पाणी डाळिंबासाठी, मासे जोडधंदा म्हणून. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माशांची वाढ बघायची म्हणून जाळं ओढायला पोरं बोलावली. मासे बघितले, फोटो काढले, चहा झाला. चार दिवसांनी पाणी खाली गेलेलं दिसलं. बांबूचं टोक लागलं की पायाखाली खडा आला, कुणालाच सांगता आलं नाही. पाणी दोन फूट उतरलं तेव्हा चीर उघडी पडली, बोटाएवढी. तेवढ्यात हिशोबानं चार लाख लिटर पाणी मुरमात गेलं होतं, आणि आंबिया बहराची फळं फुगायचे दिवस. पुढं फळाचं काय झालं असेल ते डाळिंबवाल्यांना सांगायची गरज नाही.

त्यामुळं यंदा ठरवलं, विक्रीपर्यंत तळ्यात जाळं नाही. पण मग खाद्य किती टाकायचं ते कशावरून ठरवायचं? माशाचं वजन माहीत नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार. ऑगस्टमध्ये 500 बोटुकली सोडली होती, रोहू, कटला आणि थोडे सिप्रनस. मी आपलं रोज चार किलो शेंगपेंड आणि कोंडा निम्मा-निम्मा टाकत होतो. काठाला पाण्यावर तवंग दिसायला लागला, तेव्हा शंका आली.

गळ टाकून चार मासे काढावेत आणि वजन करावं असं डोक्यात आलं. आमच्या घरात गळाची विद्या एकट्या आप्पांकडं. तरुणपणी आत्याच्या गावाला, उजनीच्या काठाला गेले की दोन-दोन दिवस परत यायचे नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी धरून चालतात, उजवा हात खांद्यातून आणि कोपरातून उचलतो, पण मूठ वळत नाही. तेव्हापासून रानात यायचं सोडलं. "येऊन काय करू, नुसता बसायला?" एवढंच म्हणायचे.

त्यांची काठी माळ्यावर होती. सात फुटी फायबरची, आत्याच्या मुलानं मुंबईहून आणलेली. शेंड्याची पाच इंच मोडलेली, मुठीचं बूच उंदरांनी खाल्लेलं, चरखी गंजून गच्च. तालुक्याला नवीन काठी आणि चरखी विचारली तर 1,400 रुपये. म्हटलं, हीच नीट करू.

चरखी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, सकाळी जुन्या ब्रशनं घासली आणि शिलाई मशीनचं तेल सोडलं. फिरली. अशा चरखीचा दांडा बहुधा दोन्ही बाजूंना बसतो, स्क्रू काढून तो डावीकडं घेतला.

मोडलेल्या शेंड्याला चिकटपट्टी गुंडाळून हॅक्सॉच्या पात्यानं सरळ कापलं. पट्टी नसेल तर फायबर फाटत जातं. आणि घासताना तोंडाला रुमाल बांधा, पॉलिश पेपर ओला ठेवा. मी पहिल्यांदा कोरडंच घासलं, दोन दिवस हात खाजत होते.

मग कड्या. काठीवर ज्या कड्यांमधून तंगूस जातं, त्या आतून तडकलेल्या असतील तर डोळ्यांना दिसत नाहीत. कापसाचा बोळा आतून फिरवायचा, जिथं धागा अडकेल ती कडी गेली. पाचातली एक अशी निघाली, आणि शेंड्याची तर नव्हतीच. शेंड्याला मी आधी फार हुशारी केली. एचटीपी पंपाच्या नोझलमधली सिरॅमिकची चकती बसवली. म्हटलं विकतच्या कडीतही सिरॅमिकच असतं. दहा-बारा वेळा तंगूस ओढून बघितलं तर पांढरं पडलं. चकतीच्या भोकाची कड धारदार, ती द्राव उडवायला केलेली, दोरी सरकवायला नाही. मग मांडवाची जीआय तार वाकवून बघितली, तिला तंगुसानं लगेच खाच पाडली. शेवटी सौ.च्या डब्यातली मोठी सेफ्टी पिन घेतली. तिचं डोकं तोडलं की मागचा वेटोळा आयता गुळगुळीत कडीसारखा राहतो आणि दोन पाय काठीला बांधायला मिळतात. दोन पिनांत दोन्ही कड्या झाल्या. गंजली की बदलायची.

मधली पिन गोधडीच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळली. वरून अॅराल्डाइट लावायच्या आधी मुठीकडून एक डोळा मिटून बघा, सगळ्या कड्या एका ओळीत पाहिजेत. एकदा वाळलं की हलत नाही. लावल्यावर अर्धा तास काठी हळूहळू फिरवत राहायची, नाहीतर एका बाजूला थेंब साचतो, आणि मग एक दिवस हात लावायचा नाही. शेंड्याची पिन मात्र मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातली ग्लूची कांडी मेणबत्तीवर गरम करून चिकटवली. ही कडी सगळ्यात आधी जाणार, तेव्हा परत गरम करून काढता आली पाहिजे.

खरा विचार मुठीला लागला. मूठच वळत नाही त्या माणसाला मूठ काय करायची? काठी हातात धरायची नाही, हाताला बांधायची असं ठरवलं. काठीच्या बुडात कळकाचा तुकडा ठोकून ती सव्वा फूट मागं वाढवली, म्हणजे मागचा भाग उजव्या कोपरापर्यंत हाताखाली येतो. दोन्हींवर मिळून 16 एमएमची ठिबकची नळी गरम पाण्यात मऊ करून चढवली. गार झाली की अशी बसते की विचारू नका. चरखी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधली. आणि माझ्या जुन्या कमरपट्ट्याचा चिकटणारा पट्टा कापून काठीला लावला. आप्पांचा उजवा हात काठीला बांधला की उचलायचं काम खांदा करतो आणि चरखी डाव्या हातानं फिरते.

आप्पा बघत होते. "आरं, कशाला ह्यो उद्योग? मासं काय मला ओळखत्यात व्हय?" पण हात पुढं केला.

आता कागदाचं. गळाचं टोक कागदात घुसलं तर गेल्या वर्षीचीच कथा. म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडनं दाबून सपाट केला. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि सोडताना त्याला जखमही कमी होते. थर्माकोलचा तरंगता तीन फुटांवर बांधला. उतार 1 ला 1.5 म्हणजे तीन फूट खोली काठापासून साडेचार फुटांवर येते. गळ त्याच्या दुप्पट तरी लांब टाकायचा, म्हणजे खाली टेकत नाही. ओढून घेताना मात्र उतारावर घासणारच. तिथं दुरुस्तीतून उरलेल्या कागदाचा तुकडा वरून अंथरला. फाटला तर तो फाटेल.

खुर्ची बांधाच्या बाहेरच्या बाजूला. जवळ दोरी आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब. कागदाच्या तळ्यात घसरलेला धडधाकट माणूसही वर येत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांच्या तळ्यावरून विजेच्या तारा गेल्यात त्यांनी हा नाद करूच नये.

पहिल्या संध्याकाळी कणीक आणि पेंडीची गोळी लावून मी गळ टाकून दिला. बराच वेळ काही नाही. मग तरंगता एकदम आत गेला, आप्पांनी हात उचलला आणि पट्टा सुटला. काठी सरळ पाण्यात! कळक आत असल्यानं बुडाली नाही, लांब बांबूला आकडा लावून अर्ध्या तासानं काढली. मी घामाघूम. आप्पा शांतपणे म्हणाले, "दावं बांधायला पायजे हुतं काठीला. मघाशीच म्हननार हुतो." आणि हसायला लागले. आजारपणानंतर असं हसताना मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काठीला दावं. पाच संध्याकाळी मिळून नऊ मासे झाले, सात रोहू आणि दोन सिप्रनस. पिशवीत घालून काट्यावर वजन केलं आणि सोडून दिले. रोहू 260 ते 390 ग्रॅम. कटला एकही नाही, तो वरच्या थरातलं गाळून खाणारा. गळाला लागतो तो अधाशी मासा, त्यामुळं ही खरी सरासरी नव्हे, हे कृषी अधिकारी मंडळींनी सांगायच्या आत मीच सांगतो. तरी 300 ग्रॅम धरले, जगलेले 400 धरले, तर 120 किलो मासा. दोन टक्क्यांनी रोज 2.4 किलो खाद्य. मी टाकत होतो चार किलो! त्यात थंडीत मासा आणखी कमी खातो. आता दोन किलोवर आणलंय, पाण्यावरचा तवंगही कमी आहे.

खर्च सांगतो: अॅराल्डाइट 50, तंगूस 40, गळ 30, पॉलिश पेपर आणि पिना 20. एकूण 140 रुपये.

आप्पा आता चार वाजले की चप्पल शोधतात. कमरपट्ट्याचा पट्टा हाताला काचतो म्हणून त्यांनी स्वतः डाव्या हातानं आणि दातानं धोतराच्या पट्टीची गाठ मारली आहे. ती सुटली नाही अजून. चरखीवरची दोरी धरणारी तार मात्र ढिली झालीय, स्प्रिंग गेलेली दिसते. कुणाच्या माळ्यावर मोडकी चरखी पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.