हप्ता नको, बेरीज सांग

एकलहरे, नाशिक

प्रिय मित्रा,

कॅनडात, मिसिसागाला, मोबाइलच्या बिलाबरोबर नवा फोन मिळाला म्हणून स्वारी खूश आहे, आणि वर मला विचारतोस, ‘तुमच्याकडे अशी सोय का नाही रे?’ लेका, होऊन गेली की! २००३च्या पावसाळ्यातला रिलायन्सचा ‘मान्सून हंगामा’ विसरलास? ५०१ रुपये टाका, फोन घेऊन जा, बाकीचं पुढे बिलातून. फोन त्याच कंपनीला बांधलेला. मग लोकांनी बिलं थकवली आणि कंपनीचे पैसे बुडाले. आपल्याकडे चाललं ते प्रीपेडच.

पुढे २०२१च्या दिवाळीत रिलायन्सचाच जिओफोन नेक्स्ट आला, तो रोखीने ६,४९९ला. हप्त्याने घ्यायचा तर आधी १,९९९, प्रोसेसिंगचे ५०१ (हा आकडा काही त्यांना सुटत नाही!), आणि सगळ्यात स्वस्त योजनेत महिना ३०० असे २४ महिने. बेरीज ९,७००. वरच्या ३,२०१ रुपयांत महिन्याला ५ जीबी आणि १०० मिनिटं. माझ्यासारख्याचं भागलं असतं, पण आमच्या भाच्याचे ५ जीबी दोन दिवसांत उडतात.

हा भाचा इथल्या वीज प्लँटवर कंत्राटी कामाला लागलाय आणि त्याला फोन हवाय २४,००० चा. माझं क्रेडिट कार्ड मागायला आला, म्हणून नाशिकरोडला त्याच्याबरोबर गेलो. दुकानातला पोरगा किंमत काही सांगेना; एकच पालुपद, ‘काका, महिन्याला फक्त ४,०००. सहा महिने. नो कॉस्ट!’ मी त्याच्याच पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. बँक १५ टक्के लावते, म्हणजे व्याज हजाराच्या आसपास. तेवढी सूट आधी मिळते, ते खरं. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, साधारण १८३ रुपये, आपल्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९, करासकट २३५. झाले ४१८. ‘आणि रोख दिले तर?’ विचारल्यावर पोरगा हळूच म्हणाला, ‘हजार कमी करतो.’ म्हणजे फुकटच्या हप्त्याला खरे १,४१८ पडतात. रिझर्व्ह बँकेने २०१३च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. तेव्हा पाटी बदलली, इतकंच.

तरी सहा महिने दरमहा ४,००० देणं भाच्याला झेपतं आणि एकदम २४,००० झेपत नाहीत, हेही खरंच. १,४१८ मोजून घ्यायचा तर घे म्हटलं, पण फुकट मिळाला असं घरी सांगू नकोस. घेतलान एकदाचा.

आता तुझं. तिथल्या दूरसंचार नियामकाने, सीआरटीसीने, २०१३च्या नियमांत एक बरं केलं, दोन वर्षांनंतर कंत्राट मोडायला दंड नाही. तेव्हा कंपनीला एवढंच विचार: स्वतःचा फोन आणला तर हाच प्लॅन कितीला? तो आकडा बिलातून वजा कर, २४ने गुण, आणि दुकानातल्या किमतीशेजारी मांड. पंचविसाव्या महिन्यात बिल उतरतं का, तेही पाहा.

नाहीतर बिलाचा फोटोच पाठव. पावतीची पाठ अजून थोडी कोरी आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कॉलनीतला जुना शेजारी