आडवा हात

जबलपूरच्या आमच्या युनिटच्या गेटवर मागे बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तरी आर.पी.चा जवान गाडी परत फिरवतो, साहेब असो वा शिपाई. पुढे सदर बाजारात तेच हेल्मेट आरशाला लटकतं. आमच्यातल्या काहींचंसुद्धा!

कायदा कमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दोघांनाही हेल्मेट सक्तीचं. केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीत हजार रुपये दंड, वर तीन महिने लायसन्स बंद. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या पोराला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तो पट्टा सदरमध्ये मी अजून पाहिलेला नाही. आई पोराला मांडीवर धरून बसते, बस्स.

म्हणून माझं म्हणणं, नवा दंड नको, गेट वापरा. शाळा, कॉलेज, कचेरी, हेल्मेट नाही तर गाडी आत नाही. वॉचमनला पावती फाडायचा अधिकार लागत नाही, आडवा हात पुरतो. लोक गेटपुरतं घालतील, हे खरं. पण त्यासाठी हेल्मेट घरातून निघावं तर लागेल.

सुरुवात शाळांपासून करावी. बापाला पोरासमोर एकदा परत फिरवलं, की दुसऱ्या दिवशी पोरगंच हेल्मेट घेऊन दाराशी उभं राहील.