कोपनहेगन बंदरांतील पहिला दिवस

डेन्मार्कच्या राजधानीचें तद्देशीय नांव 'व्यापाऱ्यांचें बंदर' अशा अर्थाचें आहे. तें सार्थ आहे कीं नाहीं हें पाहावें, असें मनांत धरून गेल्या ज्येष्ठांत आम्ही आमच्या कन्येकडे तेथें गेलों. परंतु विमानानें मनुष्यास एका दिवसांत हजारों कोस नेलें, तरी त्याचा देह मागें रेंगाळतच राहतो, याचा प्रत्यय आम्हांस पहिल्याच रात्रीं आला. टक्क डोळे उघडले तेव्हां भिंतीवरील घड्याळांत दीड वाजला होता. पुण्यास त्या वेळीं पांच वाजले होते, आणि पांचांस उठण्याची आमची संवय चाळीस वर्षांची!

उन्हाळ्यांत या दोन स्थळांच्या घड्याळांत साडेतीन तासांचें अंतर असतें. कांटे क्षणांत फिरवितां येतात. भूक, झोंप व अंगाची उष्णता यांचें आंतलें चक्र मात्र दिवसाकाठीं सुमारें तासाभरानेंच सरकतें, आणि तेंही मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाच्या इशाऱ्यानें. म्हणून दिवसा निजूं नये, उघड्यावर हिंडावें, असें जाणते सांगतात. पण साडेपंचावन्न अंशांहून वरच्या उत्तर अक्षांशावरील या नगरीचा उजेडच मुळीं लहरी! त्या दिवसांत सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, साडेचारच्या आंत पुन्हां उगवतो, आणि मधल्या काळांतही उत्तर क्षितिजावरची फिकट प्रभा विझत नाहीं. अशा ठिकाणीं रात्र कोणती मानावी हें बिचाऱ्या देहानें कसें ठरवावें?

स्नान उरकून, सूर्योदय होतांच, आम्ही जांवयांसह बंदरावर गेलों. न्यूहाउन म्हणजे 'नवें बंदर'. नवें तें नांवापुरतेंच. हा कालवा पांचव्या क्रिश्चन राजाच्या अमदानींत १६७१ ते १६७३ या काळांत खणला. कांठचीं रंगीबेरंगी घरें चित्रांतून सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यानें त्यांपैकीं तिहींत निरनिराळ्या काळीं बिऱ्हाड केलें होतें. आमचें मन तेथें फारसें रमलें नाहीं. पादचाऱ्यांच्या पुलावरून पलीकडे क्रिश्चनहाउन भागांत गेलों, तेथें मात्र पाय थबकले. चिनी चहा, चिनी मातीचीं भांडीं व हिंदी कापड यांचा व्यापार करणाऱ्या, १७३२ सालीं सनद मिळालेल्या डॅनिश एशियाटिक कंपनीची जुनी वखार तेथें उभी आहे. आतां ती परराष्ट्रखात्याकडे आहे. कावेरीच्या मुखाजवळचें तरंगंबाडी डॅनिश लोकांनीं १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळविलें व १८४५ सालीं इंग्रजांस विकलें. त्याबद्दलचा वार्षिक खंड पुढें तंजावरच्या भोसले राजांसही पोंचत असे. म्हणजे या धक्क्यावरून निघालेल्या पैशाचा अंश एका मराठी दरबारांत जमा होत होता!

दुपारीं जेवणानंतर झोंपेनें मानगूट धरली. कन्या म्हणाली, "नाना, आज पडा जरा. तो दगड कुठें पळून जात नाहीं, उद्यां जाऊं." पण आमचा नऊ वर्षांचा नातू दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या सहलीस जाणार होता, आणि तो दगड त्याच्या संगतींतच पाहावयाचा, असा आमचा हट्ट होता. त्यास मराठी समजतें, बोलतांना मात्र तो अडखळतो. शाळूसोबत्यांपाशीं बापाचा उल्लेख 'फार' असा करतो. हें 'फार' ऐकून आमच्या सौभाग्यवतीस वाईट वाटतें. आम्हांस तितकेंसें वाटत नाहीं, याचें कारण हाच दगड.

रास्मुस रास्क (१७८७–१८३२) याची ती समाधि. ग्रीक-लॅटिनमधील 'प' उत्तरेकडील भाषांत नियमानें 'फ' होतो, हें त्यानें १८१८ सालीं छापलेल्या निबंधांत, याकोब ग्रिमच्या आधीं, दाखविलें. आपला 'पितृ' व नातवाचा 'फार' हे त्याच न्यायानें सगोत्र ठरतात. १८१६ सालीं हा गृहस्थ कोपनहेगनहून निघाला, तो रशिया व इराण ओलांडून १८२० सालीं मुंबईस पोंचला. पेशवाई बुडून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. मुंबईस अवेस्ता व सिंहलद्वीपांत पाली यांचा त्यानें व्यासंग केला. १८२३ सालीं परततांना आणलेलीं हस्तलिखितें येथील राजग्रंथालयांत आहेत. इतक्या संथ प्रवासांत त्याची झोंप खचित मोडली नसेल.

आसिस्टेन्स दफनभूमि आपल्या कल्पनेतल्या स्मशानासारखी मुळींच नाहीं. हिरवळीवर माणसें ऊन खात पहुडलीं होतीं, आया बाबागाड्या ढकलीत होत्या. रास्कच्या शिळेवर चार भाषांतील वचनें आहेत. अरबी व प्राचीन नॉर्स आम्हां कोणासच येईना. सत्याची थोरवी सांगणारें संस्कृत वचन आम्हीं मोठ्यानें वाचलें; नातवानें डॅनिश वाचून अडखळत अर्थ सांगितला: माणसाच्या हातून जें कांहीं घडेल, तें सारें तो आपल्या पितृभूमीचें देणें लागतो.

"आजोबा, म्हणजे कुठला देश?" त्यानें विचारलें.

कन्येनें आमच्याकडे पाहिलें व लगेच मान फिरविली. आम्हीं नातवास ती ओळ पुन्हां एकदां, सावकाश, वाचावयास सांगितलें, आणि प्रत्येक शब्दाचें संस्कृतांत गोत्र कोठें लागतें तें पाहत दोघेही बराच वेळ त्या शिळेपुढें बसलों. घरीं आलों तेव्हां ऊन लख्ख होतें. साडेसातांसच पडदे ओढून आम्ही निजलों.