पितरांत झालेला मुलगा

"अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखतीत काय काय विचारतात तेवढं लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. "आपल्याकडे आता घरटी कोणी ना कोणी तिकडे आहे. वाचकांना उपयोग होईल." मी हो म्हटलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की प्रश्नांबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. खिडकीसमोर उभं राहायचं, बोटांचे ठसे द्यायचे, उजवा हात वर करून शपथ घ्यायची. मग अर्ज करणारी बहीण तिकडे कधी गेली, शेवटची कधी भेटली, आईचं नाव काय, भावंडं किती, असं विचारतात. मराठीतही उत्तरं देता येतात. बरेचदा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. मी स्वतः त्या खिडकीपाशी कधी उभी राहिलेली नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत पक्षकार आत जातो, आणि मी रस्त्यापलीकडे त्याचा मोबाइल आणि पिशवी सांभाळत थांबते. २०११ सालापर्यंत हीच वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती. तेव्हा मी समुद्राच्या बाजूला थांबायची.

तेवीस वर्षं अमरावतीत मी या व्हिसांच्या फाइली बांधते आहे. अमरावती-मुंबई एक्सप्रेसने संध्याकाळी निघायचं, अकोल्याहून आणखी एखादं कुटुंब चढतं, शेगाव आलं की सगळे हात जोडतात, आणि पहाटे कल्याणला जाग येते. रात्रभर पक्षकार एकच विचारत राहतात, "ताई, इंग्रजी कच्चं आहे, चालेल ना?" कोट शिवून आणलेला असतो. कोणी इंटरनेटवरचे पन्नास प्रश्न पाठ करून आलेला असतो. सगळं मुलाखतीतल्या उत्तरांवर ठरतं या समजुतीचा मला मनापासून त्रास होतो, कारण तिच्यापायी माणसं जिथे लक्ष द्यायचं तिथे देत नाहीत.

त्याहून मोठा घोटाळा दोन व्हिसांच्या सरमिसळीचा. फिरायला जायच्या व्हिसाला कायदा असं धरून चालतो की तुम्ही तिकडेच राहणार. परत येणार हे तुम्ही पटवायचं असतं. इमिग्रंट व्हिसा म्हणजे कायमचं राहायला जाण्याचीच परवानगी. तरी वरूड-मोर्शीकडची माणसं संत्र्याच्या बागेचे सातबारे, पीकपेरा, बँकेच्या ठेवी असा गठ्ठा घेऊन येतात, "आमचं इथं सगळं आहे" हे दाखवायला. तिथे हवं असतं ते वेगळंच: तुम्ही या बहिणीचे खरोखर भाऊ आहात का, आणि तिकडे गेल्यावर तुमचा भार सरकारवर पडणार नाही याची हमी बहिणीने दिली आहे का. ही हमी, म्हणजे आय-८६४ हा फॉर्म, घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न मागते. ती कायद्याने बांधणारी असते, आणि भाऊ तिकडचा नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरेपर्यंत सहसा सुटत नाही. सही करताना बहिणीला हे कोणी सांगितलेलं नसतं.

आता रांगेबद्दल. अमेरिकी नागरिकाच्या भावाबहिणींचा वर्ग म्हणजे एफ-४. साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि त्यात बायकामुलंही मोजली जातात. वरून, कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत अशी मर्यादा. परिणाम असा की २००६ च्या सुरुवातीला अर्ज केलेल्या भारतीय भावाचा नंबर २०२५ च्या आसपास लागला. एकोणीस वर्षं. अर्ज केला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा असलेला माणूस साठ ओलांडून मुलाखतीला जातो.

इतक्या वर्षांनी बोलावणं आलं की माणूस जन्माचा दाखला शोधू लागतो. माझं खरं काम इथे सुरू होतं, आणि माझा वादही इथलाच आहे.

माझे वडील तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस होते. मोडी वाचायचे. त्यांच्याबरोबर लहानपणी मी रेकॉर्ड रूममध्ये जायची, म्हणून कोतवाल बुक मला इतर वकिलांसारखं परकं नाही. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू सांगायचा आणि ते एका वहीत उतरायचं. महसुली दप्तरात गाव नमुना १४ म्हणतात ते याच कुळातलं. आजकाल ही बुकं जातपडताळणीसाठी आणि २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी सगळ्यांना माहीत झाली. पण त्यात जात हा एकच रकाना नसतो. तारीख असते, बापाचं नाव असतं, आणि पुढे नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". बाळाचं नाव बारशाआधी कुठून येणार? आईचं नाव तर पुष्कळदा नसतंच. हा कागद अपुरा दिसतो, पण तो त्या आठवड्यातच लिहिलेला असतो. त्यावर माझा विश्वास आहे.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली तारीख त्यानंतर पाच-सहा वर्षांनी येते, आणि ती गुरुजींची असते. जुलैत पोरं गोळा करायची, सहा वर्षं पुरी दाखवायची, म्हणून १ जुलै. आमच्या भागात एक आख्खी पिढी १ जुलैला जन्मली आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे दर ३० जूनला जिल्हा परिषदेच्या शाळांमधून गुरुजींचे घोळके निवृत्त होतात. त्यात कोणी खोटं बोललं नाही. ती त्या काळची रीत होती.

अडचण येते ती दोन कागदांत दोन तारखा निघाल्यावर. मग गावोगावचे एजंट आणि काही वकीलही सांगतात, "सगळं एकसारखं करून घ्या." म्हणजे विलंबाने जन्मनोंद करायची, शाळेच्या तारखेवर. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, आपल्याकडे तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, तो अधिकार महसूल यंत्रणेतल्या दंडाधिकाऱ्यांकडे आला. काम सोपं झालं आणि दाखले भराभर निघू लागले. पुढे काय झालं ते अमरावती-अकोल्याला सांगायला नको. बोगस दाखल्यांचे आरोप झाले, २०२५ च्या जानेवारीत सरकारने असे दाखले देणं थांबवून विशेष तपास पथक नेमलं, आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आली. कोणाचे आरोप खरे हा माझा विषय नाही. मी इतकंच पाहिलं की पासष्ट वर्षांच्या निर्दोष माणसाच्या हातातला वर्षभरापूर्वीचा कोरा करकरीत दाखला एका रात्रीत संशयाचा झाला.

आणि त्याची गरजच नव्हती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे भारतासाठीचे नियम मान्य करतात की १९७० पूर्वीच्या जन्माची नोंद नसू शकते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला, जवळच्या वडीलधाऱ्यांचं शपथपत्र चालतं. तारखांमध्ये फरक असेल तर तो का आहे हे लिहून द्यायचं. एकसारखे केलेले कागद जास्त भरवशाचे दिसतात असं लोकांना वाटतं. खिडकीपलीकडचा अधिकारी रोज असे कागद पाहतो. साठ वर्षांच्या माणसाचा दाखला एक वर्षाचा असेल तर त्याला प्रश्न पडणारच. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर तिकडचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. अधिकाऱ्याच्या निर्णयावर तिकडची न्यायालयंही सहसा हात घालत नाहीत. २०२४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ खटल्यात ते पुन्हा अधोरेखित केलं. हे सगळं मी प्रत्येक पक्षकाराला सांगते. एकाला सांगितलं नाही.

ते दर्यापूरकडचे निवृत्त गुरुजी. बहिणीने २००६ मध्ये अर्ज केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते माझ्याकडे आले ते बहिणीचं हमीपत्र तपासायला. बाकी कागद दुसरीकडे तयार झाले होते. मी तासभर उत्पन्नाचे आकडे पाहिले. जन्माचा दाखला नवा, शिक्का ठळक, तारीख १ जुलै १९६३. मी तो उलटून बाजूला ठेवला. त्याच फाइलीत बहिणीच्या दाखल्याची प्रत होती. तिची तारीख कोतवाल बुकातून काढलेली होती, १२ फेब्रुवारी १९६३. मी दोन्ही कागद हातात घेतले होते, पण शेजारी ठेवून वाचले नाहीत.

अधिकाऱ्याने वाचले. एकाच आईची दोन मुलं साडेचार महिन्यांच्या अंतराने कशी, असं त्याने विचारलं. गुरुजींना उत्तर सुचलं नाही. २२१(जी)ची चिठ्ठी हातात आली, म्हणजे नकार, पण पुरावा आणला तर फाइल पुन्हा उघडणारा. नात्याचा आणखी पुरावा आणा, आणि हवं तर डीएनए चाचणी करून घेता येईल, असं त्यात होतं. त्याचा प्रश्न बरोबर होता. तो मी ऑक्टोबरमध्ये विचारायला हवा होता.

मग मी गुरुजींच्या गावी गेले. रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसून नोंद सापडली: बापाचं नाव, मुलगा, २३ सप्टेंबर १९६४. शाळेत १९६९ चं दाखल-खारीज निघालं. त्या पानावर चौदा पोरं, त्यातल्या अकरांची तारीख १ जुलै. मुख्याध्यापकांकडून त्या आख्ख्या पानाची साक्षांकित नक्कल घेतली. गुरुजींची आई ऐंशी पार केलेली, ओसरीवर बसून होती. मी सहज म्हटलं, "माय, हा झाला तेव्हाचं काही आठवते का तुम्हाला?"

"काहून नाही आठवत? पोया झाला, गणपती गेले, पितरं चालू होते. म्हून बारसं बी धड केलं नाही याचं. सासू म्हने, पितरांत कोनी गोडधोड करते काय? पोरगी दीड-पावनेदोन वर्साची, कडेवर होती."

घरी येऊन मी वडिलांच्या पेटीतलं जुनं पंचांग काढलं. १९६४ च्या २३ सप्टेंबरला पितृपंधरवडा नुकताच लागला होता. आधी फेब्रुवारी १९६३ ची मुलगी, मग एकोणीस महिन्यांनी मुलगा. कोतवालाने लिहिलेलं आणि मायने सांगितलेलं एक होतं. माय सगळा वेळ त्याच ओसरीवर होती. एजंटने तिला विचारलं नव्हतं, नोंद करणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

मी तिचं शपथपत्र मराठीत, तिच्याच शब्दांत लिहिलं आणि सोबत भाषांतर जोडलं. "पितरं" याला भाषांतरात चार ओळी लागल्या. ओळखपत्रांवरची तारीख बदलायची नाही हे ठरवलं. साठ वर्षं ती तारीख घेऊन माणूस जगला, ती त्याची आहेच. फक्त ती कुठून आली ते सांगायचं. तरी गुरुजींनी डीएनएचंही मनावर घेतलं. आता उशीर परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात, हे मायला मी समजावत होते.

"बाई, हा माह्या पोटचा हाये का नाही, हे कापसाच्या काडीनं कयते काय?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने तोंड उघडलं आणि नमुना दिला. परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मुलाशी दोन दिवस बोलली नाही असं सून सांगत होती.

अहवाल जुळला. तोवर जुन्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली होती. ती पुन्हा केली. सप्टेंबरमध्ये नवराबायकोचे पासपोर्ट व्हिसासह आले.

मुलीचा आला नाही. ती मे २००१ ची. एकवीस वर्षांपर्यंतच मूल आईबापाच्या अर्जात राहतं. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली आहे: नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून, बहिणीचा अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला तो वजा करायचा. नंबर लागला तेव्हा मुलगी तेवीस वर्षं नऊ महिन्यांची. अर्ज मंजुरीला दोन वर्षं आठ महिने लागले होते. उरले एकवीस वर्षं एक महिना. हे गणित मी तीनदा केलं. अर्ज अजून महिना-दोन महिने तिकडे पडून राहिला असता तर ती जाऊ शकली असती. आता बाप तिकडे जाऊन तिच्यासाठी वेगळा अर्ज करू शकतो. त्या वर्गाची रांग सध्या आठ-नऊ वर्षांची आहे, आणि तोवर तिने लग्न करायचं नाही. केलं तर अर्ज संपला.

गुरुजी परवा येऊन गेले. व्हिसाची मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे, त्याआधी तिकडे पाऊल पडायला हवं. टेबलावर पासपोर्ट ठेवून ते म्हणाले, "ताई, बहिणीनं अर्ज केला तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. तिच्यासाठीच हो म्हटलं होतं. आता माय ऐंशीची, पोरगी इथं, आणि आम्ही दोघं म्हातारे तिकडे. जाऊ का नको, सांगा."

मी फाइल पुढे ओढली आणि मुदतीची तारीख त्यांना पुन्हा एकदा दाखवली. तिकीट त्यांनी अजून काढलेलं नाही.